जुन्या गावचा पत्ता

आमच्या वडिलांचा, दादांचा, ताप उतरेना, म्हणून मी आणि भावानं त्यांना सास्तूरहून धाराशिवला दवाखान्यात आणलं. तातडीच्या विभागातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "म्हातारी माणसं आजारात अचानक भ्रमतात. मी थोडं विचारते, तुम्ही मधे बोलू नका."

"आजोबा, घर कुठं आहे?"

"मारुतीच्या मागं, चिंचंपाशी."

ते घर भूकंपात पडलं. आता घरचे सगळे नव्यानं वसवलेल्या गावात राहतात. पण आमच्याकडची जुनी माणसं अजूनही जुन्या गावचाच पत्ता सांगतात. भावानं तसं सांगितलं.

"म्हणजे हे नेहमीचंच? कालपरवापासून काही बदल?"

"न्हाय, असंच बोलतेत ते."

मला संताप आला. हा दिवसभर दुकानात, याला काय ठाऊक? पण मी तरी तुळजापूरला, सासरी; तापाचं कळल्यावर आलेली. मला काय ठाऊक होतं? दादांना रोज जेवू घालणारी वहिनी जनावरांसाठी घरी थांबलेली आणि तिचा फोन लागत नव्हता.

बाईंनी महिने उलटे म्हणायला सांगितले. दादा म्हणाले, "फाल्गुन, माघ, पौष." मग पुन्हा पौष. पुन्हा पौष. पुढं सांगावं म्हणून माझे ओठ हलले. बाईंनी माझ्याकडं पाहिलं.

मी पांघरूण सारखं करायला वाकले, तसं दादांनी माझा हात धरला. आवाज अगदी अदबीचा.

"बाई, सास्तूरकडं जाणार असाल तर माज्या लेकीला निरोप द्या. म्हणावं, बाप दवाखान्यात हाय, लवकर ये."

"देते," मी म्हणाले.