अर्धा कप कॉफी

लॉर्न हॅगर्टी नेहमी अर्धाच कप कॉफी घेत असे. सार्नियातल्या आमच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यावरून त्याला सगळे चिक्कू म्हणत. कॉफी फुकट असताना कमी पिणारा माणूस चिक्कू कसा, हे कोणाच्या डोक्यात आले नाही. मी नमुने उतरवून घेण्याच्या खिडकीवर बसत असे आणि त्याचे टेबल माझ्या अगदी समोर होते. भरलेला कप त्याच्या हातात हिंदकळतो, हे मी पाहिले होते.

त्याचे कामच हाताचे होते. नदीकाठच्या टाक्यांतून आलेल्या द्रवाचा कणभर थेंब बारीक सिरिंजमध्ये ओढायचा आणि गॅस क्रोमॅटोग्राफ या यंत्राच्या तापलेल्या तोंडावरच्या रबरी चकतीतून एका दमात आत सोडायचा. आत त्याची वाफ होई, एकेक घटक सुटा होई आणि पेन कागदावर सुळके काढी. आमच्याकडचे सगळे हे लॉर्नकडूनच शिकले. सकाळी जो पहिला येईल त्याने चकती बदलायची आणि तिच्यावरचा नट पान्याने करकचून आवळायचा, ही पद्धतही त्याचीच. "वायू गळला की दिवस गेला," तो म्हणे.

हात गेला की बाटल्या धुवायला, असा आमच्याकडे रिवाज होता. लॉर्नच्या आधी अर्ल नावाचा एक म्हातारा तसा मागच्या खोलीत गेला होता. तो कधी निवृत्त झाला हे आम्हाला त्याचे कपाट रिकामे दिसले तेव्हा कळले. लॉर्नला शेवटपर्यंत आपल्या टेबलावर राहायचे होते. सुई टोचताना तो कोपर टेबलाच्या कडेला रोवून बसे.

त्यामुळे ऑटोसॅम्पलर आला तेव्हा खूश झालेला तो एकटाच होता. सुई टोचणारा यांत्रिक हात, खाली कुप्यांचे फिरते तबक. आमची प्रमुख मॅक्सीन ट्रुडेल हिने हे यंत्र बसवायचे काम त्याच्यावर सोपवले. बसवेल तोच चालवेल, असे ठरले. आता हाताकडे बघणार कोण?

त्याने ते मन लावून बसवले. यंत्राचा सुई खाली-वर करणारा मनोरा क्रोमॅटोग्राफच्या तोंडावर पक्का केला, सिरिंज अडकवली, सुई धुण्याच्या द्रवाची कुपी भरली, सांडपाण्याची रिकामी ठेवली. सकाळी चकती बदलून नट आवळला आणि बटण दाबले. सुई झपकन खाली आली आणि वाकली.

रस्टी ओल्मस्टेड त्याच्या हाताखाली काम करी. पूर्वीच्या नोकरीत तो असे यंत्र वापरून आला होता. त्याने वाकलेली सुई उचलून सगळ्यांना दाखवली.

"मासे धरायला निघालास का रे, म्हाताऱ्या? गळ झकास झालाय."

लॉर्नने मनोरा पुन्हा जुळवला. दुसरी सुई वाकली. दुसऱ्या दिवशी तिसरी. रस्टी त्या सुया सूचनाफलकावर एकीखाली एक टोचू लागला. जेवणाच्या सुट्टीत लोक सँडविच खात त्या बघायला जात.

"रस्टी, तू वापरलंयस ना हे? जरा बघतोस?" लॉर्नने एकदा विचारले.

"गुरूला मी काय शिकवणार?" रस्टी म्हणाला, आणि सगळे हसले.

आठवडा सरत आला तसा मॅक्सीनने त्याला केबिनमध्ये बोलावले. तिचे दार उघडे होते.

"मुख्य कचेरीची माणसं सोमवारी येतायत. त्यांना काय दाखवू, फलकावरच्या सुया?"

"यंत्र चांगलं आहे, मॅक्सीन." लॉर्न म्हणाला. "खोट माझ्या हातात आहे. थरथरतो. जुळवताना हलत असणार, म्हणून सुई तिरकी जाते. रस्टीला बसवू दे. चालवायला मी बसतो, त्याला हात लागत नाही."

"हात पुढे कर."

त्याने केला. मॅक्सीनने टेबलावरचा एक कोरा कागद उचलून त्याच्या बोटांवर ठेवला. कागद फडफडू लागला. केबिनच्या काचेपलीकडे सगळ्यांची कामे थांबली होती. तिने कागद लगेच उचलला नाही.

"बरं झालं सांगितलंस," ती म्हणाली. "उद्यापासून मागच्या खोलीत."

दुसऱ्या दिवशी लॉर्न धुतलेल्या बाटल्यांचा ट्रे घेऊन आला, तेव्हा रस्टी यंत्रापाशी होता. त्याने मनोऱ्याला हात लावला नाही. फक्त चकतीवरचा नट पान्याने सैल केला, दोन बोटांनी बेताचा फिरवला आणि बटण दाबले. सुई सरळ आत गेली, बाहेर आली. पेनने सुळका काढला.

लॉर्न ट्रे धरून उभाच राहिला. ट्रेमधल्या बाटल्या किणकिणत होत्या.

"नट," तो म्हणाला.

"हाताने टोचताना तुझं बरोबर होतं. याला इतका घट्ट चालत नाही, रबर दगडासारखं होतं."

"तुला ठाऊक होतं?"

"पहिल्याच दिवशी."

"मी विचारलं होतं, रस्टी."

"ते तू यंत्र बघ म्हणालास. नटाचं कुठे विचारलंस?"

लॉर्न तसाच ट्रे घेऊन मॅक्सीनच्या दारात गेला. सुया हाताने वाकल्या नव्हत्या, मनोरा आपण बरोबर जुळवला होता, आता तरी टेबल परत दे, असे त्याने सांगितले. मॅक्सीन लिहीत होती. तिने मान वर केली नाही.

"नट सैल करता येतो, लॉर्न. तो कागद मी पाहिलाय."

सोमवारी पाहुणे आले. यंत्र दिवसभर न चुकता चालले. मॅक्सीनने कॉफीबरोबर खायला गोड बटर टार्ट मागवले आणि मागच्या खोलीतून लॉर्नलाही बोलावले. रस्टी कॉफीचे भांडे घेऊन फिरत होता.

"अर्धाच दे," लॉर्न म्हणाला.

"आज कसली चिक्कूगिरी?" रस्टीने त्याचा कप काठोकाठ भरला.

बोलणी थांबली. पाहुण्यांना काही कळले नाही, पण आमचे सगळे बघत होते. लॉर्नने कपाला हात लावला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून तो टेबलावर वाकला आणि ओठ कपाला लावून कॉफी प्यायला.