मागच्या चुलीवरचे कोफ्ते

सोनारीच्या गिरिजाबाईंच्या हातचे कोफ्ते ज्यांनी खाल्ले, त्यांतल्या बऱ्याच जणांना एक गोष्ट ठाऊक नसते. गिरिजाबाईंनी स्वतः ते कधी खाल्लेले नाहीत. खाणं राहू द्या, रश्शाचा थेंबसुद्धा त्यांच्या जिभेला कधी लागलेला नाही. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. वडील गेले त्या वर्षी त्यांनी ती घातली. लग्न होऊन तेव्हा फार दिवस झाले नव्हते, आणि नवरा होता मटणाचा शौकीन.

बलभीमराव एसटीत ड्रायव्हर. आपल्या माळेपायी त्यांच्या ताटात रोज वरणच यावं, हे गिरिजाबाईंना पटेना. मग त्यांनी परसात एक वेगळी चूल घातली. तिचं पातेलं वेगळं, पळी वेगळी, मिठाची बरणीदेखील वेगळी. तिथलं काम उरकलं की परसातल्या न्हाणीत अंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल टाकायचं. शेजारच्या कमलबाई कुंपणावरून म्हणाल्या होत्या की माळकरणीच्या हातात खिमा बघून देव काय म्हणेल. गिरिजाबाईंनी हातातलं काम न थांबवता उत्तर दिलं होतं, "सांगून ठेवलंय म्या देवाला. हात माझं, तोंड त्येंचं."

हे बोलणं शब्दशः खरं होतं. रस्सा उकळला की गिरिजाबाई पळीतून एक थेंब नवऱ्याच्या तळहातावर सोडायच्या. ते चाटायचे. मग त्या त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. डावी भुवई वर गेली तर मीठ कमी, दोन्ही जवळ आल्या तर तिखट जास्त, आणि मान हलली तर पातेलं उतरवायचं. सून अर्पिता लोहाऱ्याहून लग्न होऊन आली तेव्हा हा प्रकार बघून तिला आधी हसू आलं होतं. नंतर तिनं ते कोफ्ते खाल्ले आणि हसू कुठल्या कुठं गेलं. चव न बघता माणूस असं रांधू शकतं, यावर तिचा विश्वासच बसेना. माहेरी फोन करून तिनं आईला सांगितलं, तर आई म्हणाली, चोरून बघत असतील. अर्पिताला त्या बोलण्याचा राग आला, इतकी ती एव्हाना सासूच्या बाजूची झाली होती. सासूला ती आत्या म्हणायची आणि सासऱ्यांना मामा.

या कोफ्त्यांचा जन्मही तसाच. बलभीमरावांची गाडी जवळच्या तालुक्याच्या वाशीला मुक्कामाला असायची आणि त्यांचे कंडक्टर प्रेमानंद वाशीचेच. एका मुक्कामाला प्रेमानंदांनी त्यांना घरी जेवायला नेलं. त्यांच्या बायकोनं, भिमाबाईंनी, खिम्याचे गोळे केले होते. बलभीमराव परत आले ते त्या गोळ्यांचं वर्णन करतच. गोळा बोटानं दाबला तर फुटत नाही, दाताखाली मात्र विरघळतो. आत कसलीशी डाळ असावी. रस्सा लालभडक, दाट. एवढ्या बोलण्यावरून गिरिजाबाईंनी कोफ्ते करायला घेतले. पहिल्यांदा गोळे फुटून नुसता खिमा झाला. दुसऱ्यांदा ते दगड झाले. पण नवऱ्याच्या भुवया बघत बघत, महिन्या-दोन महिन्यांत त्यांनी ते जमवले.

मागच्या हिवाळ्यात बलभीमरावांना मोठा ताप आला. तापातून उठले, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. हे त्यांनी घरात फक्त अर्पिताला सांगितलं होतं. खोकल्याचं कडू औषध ते मध चाटावा तसं चाटत होते, ते तिनं पाहिलं आणि विचारलं. तेव्हा बलभीमरावांनी आधी स्वयंपाकघराकडे नजर टाकली आणि मग हळू आवाजात सगळं सांगितलं. बार्शीचे डॉक्टर म्हणाले होते की चव परत येईलही आणि येणारही नाही.

"आत्याला बोलू नको, पोरी," ते म्हणाले. "तिला कळलं तर माझ्यासाठी ती माळ काढंल आन स्वतः चव बघंल. न्हायतर ती चूल मोडून टाकंल. मला दोन्ही नको."

अर्पितानं वचन दिलं. पथ्य चालू होतं, परसातली चूल थंडच होती, त्यामुळं वचन पाळणं सोपं गेलं. मग एक दिवस प्रेमानंदांचा फोन आला की बलभीमरावांना बघायला आम्ही दोघं येतोय. इतक्या वर्षांत भिमाबाई सोनारीला कधी आल्या नव्हत्या. गिरिजाबाईंनी फोन ठेवला आणि मुलाला, इंद्रजितला, परंड्याहून कोवळ्या कोकराचं मांडीचं मटण आणायला सांगितलं. पथ्य संपलंय, कोफ्ते करणार, आणि ज्यांचे ते मूळचे, त्यांना खाऊ घालणार.

अर्पितानं मनात हिशेब मांडला. मीठ चुकलं तर घरची माणसं गप्प बसतील. भिमाबाई कशाला बसतील? त्या बोलल्या की सगळं उघडं पडणार आणि आत्यांचा हात माळेकडे जाणार.

सकाळी बलभीमराव नेहमीसारखे चुलीपाशी पाटावर बसले. बाभळीच्या ठोकळ्यावर मटण सुरीनं टिचून खिमा करायचं काम त्यांचं. यंत्रातला खिमा गिरिजाबाईंना चालत नाही, त्याचं पीठ होतं म्हणतात. तापानंतरही सुरीचा ताल तोच होता. गिरिजाबाईंनी खिम्यात आलं-लसूण, काळं तिखट, कोथिंबीर आणि फुटाण्याच्या डाळीचं पीठ घातलं आणि मळायला घेतलं. किती वेळ मळायचं हे त्या घड्याळाला विचारत नाहीत. खिमा बोटांपासून सुटायला लागला की थांबतात. मग तेलाच्या हातानं एकेक गोळा. गोळ्यावर केसाएवढी भेग दिसली तरी तो परत मोडायचा. अर्पितानं केलेल्या गोळ्यांतले निम्मे त्यांनी न बोलता मोडले, आणि तिला त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांचे गोळे बोरासारखे एकसारखे, गुळगुळीत दिसत होते आणि नुसतं बघत बसावंसं वाटत होतं.

टोमॅटो निखाऱ्यात भाजून, साल काढून, हातानंच कुस्करले. कांदा-खोबऱ्याचं वाटण तेलात परतलं, वर तो टोमॅटो. मग गिरिजाबाई मान किंचित कलती करून ऐकत राहिल्या. आधी रस्सा फटफट उडत होता. हळूहळू आवाज जड झाला, संथ झाला, आणि कडेनं तेल सुटलं. तेव्हा त्यांनी एकेक गोळा कडेनं आत सोडला. पळी लावली नाही. पातेल्याचे दोन्ही काठ फडक्यानं धरून ते नुसतं गोल हलवलं. गोळे आधी आकसले, मग फुगले, आणि एकही फुटला नाही. अर्पिता कोथिंबीर निवडायची विसरली होती.

मग तो क्षण आला. गिरिजाबाईंनी नवऱ्याच्या तळहातावर थेंब सोडला. बलभीमरावांनी तो चाटला, जिभेवर घोळवला, डोळे मिटले. डावी भुवई वर गेली.

"मीठ जरा कमी हाय," ते म्हणाले.

अर्पितानं झटकन पातेल्याकडे पाहिलं. मामांनी अंदाजानं ठोकून दिलं होतं. आता आत्या मीठ घालणार आणि रस्सा खारट होणार. गिरिजाबाईंनी वळून बरणीत हात घातला. बरणी बलभीमरावांच्या पाटावरून दिसत नव्हती. अर्पिता बसली होती तिथून स्वच्छ दिसत होती. गिरिजाबाईंची चिमूट मिठाला लागलीच नाही. ती रिकामीच वर आली, पातेल्यावर गेली आणि नेहमीसारखी चोळली गेली. पातेल्यात काहीच पडलं नाही. त्यांनी पातेलं एकदा हलवलं आणि दुसरा थेंब नवऱ्याच्या तळहातावर सोडला.

"आता?"

बलभीमरावांनी चाटला. मान हलवली. "आता जमलं."

गिरिजाबाईंनी पातेलं उतरवलं. अर्पिताकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुपारी परसातच पंगत बसली. भिमाबाई ठसठशीत बाई, बोलायला सडेतोड. त्यांनी भाकरीचा तुकडा रश्शात बुडवला, कोफ्ता मोडला, तोंडात घातला आणि खाली बघत सावकाश चावत राहिल्या. अर्पिता हातात वाढण्याचं भांडं घेऊन तशीच उभी होती.

"वैनी," भिमाबाई म्हणाल्या, "हे माझं न्हाय."

अर्पिताला वाटलं, झालं.

"माझा रस्सा मिरचीनं लाल असतो. टमाटं म्या घालतच न्हाय त्यात. मीठ-तिखट जिथल्या तिथं हाय, गोळा माझ्याहून मऊ हाय. पर हे माझं न्हाय. हे तुमचं हाय."

सगळे बलभीमरावांकडे बघायला लागले. त्यांनी पाणी प्यायलं. मग कबूल केलं की आपण नुसतं लाल म्हणालो होतो, हिनं टोमॅटो घातले, आणि खाऊन बघितलं तर तेच जास्त आवडलं. म्हणून गप्प बसलो. प्रेमानंद म्हणाले, या माणसाच्या गाडीत मी जन्म काढला, रस्ता कधी चुकला नाही आणि बायकोला पत्ता मात्र भलताच सांगून बसला. गिरिजाबाई इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. भिमाबाईंनी दुसरा कोफ्ता स्वतःच वाढून घेतला आणि टोमॅटो निखाऱ्यात किती वेळ ठेवायचा ते विचारलं.

पाहुणे एसटीनं गेले. गिरिजाबाई अंघोळीआधी पातेलं घासत होत्या. अर्पितानं पाणी ओतता ओतता विचारलं, "आत्या, तुम्हाला कधीपासून माहीत हाय?"

"संक्रांतीला च्यात साखर इसरले होते म्या. त्येंनी पूर्ण कप पिला आन वर चांगला झालाय म्हणले."

"मग थेंब कशाला देता?"

गिरिजाबाईंनी पातेलं पालथं घातलं. "न्हाय दिला तर चुलीपाशी त्येंनी बसायचं कशाला?"

अर्पिताला पुढं विचारायचं होतं की मग मीठ कशावर घातलंत, आवाजावर, रंगावर, की हाताच्या सवयीवर. पण गिरिजाबाई न्हाणीत गेल्या होत्या आणि आतून पाण्याचा आवाज येत होता. ती तिथंच त्या पालथ्या पातेल्याकडे बघत उभी राहिली. एका माणसाची जीभ गेलेली, दुसऱ्याची माळेनं बांधलेली, आणि मधे एवढं नेमकं मीठ.

मागून बलभीमराव काठी टेकत आले. इकडंतिकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला.

"बघितलंस? एका थेंबावर मीठ वळखलं म्या. हिला पत्ता लागला न्हाय."

"व्हय, मामा," अर्पिता म्हणाली, आणि तिनं मागच्या चुलीच्या मिठाच्या बरणीला झाकण लावलं.