गॅसवरचा चहा

वालूरच्या माझ्या मामीच्या घरी आपण कोण, हे चहा कशावर ठेवला त्यावरून कळायचं. गॅसवर ठेवला तर तुम्ही पाहुणे, चुलीवर ठेवला तर घरचे. सिलिंडरचे भाव वाढायला लागले तसा मामीनं हा कायदा केला आणि शेवटपर्यंत पाळला. घरच्यांसाठी शेतातल्या तुराट्या होत्याच.

तेलाचंही तसंच. व्याह्यांच्या भाजीवर तवंग, आमच्या भाजीला नुसता वास. मामानं एकदा कुरकुर केली तर म्हणाली, "तेल दिसायला कशाला पायजे? पोटात गेल्यावर कोन बघायलंय?" तापानं फणफणलेल्या मामानं एकदा, लवकर होईल म्हणून गॅसवरचा चहा मागितला. "ताप घरचाच हाय. चुलीवरच्या चहानंबी उतरंल," असं म्हणत तिनं फुंकणी उचलली.

भाव वाढला की पाहुण्यांतला एखादा चुलीवर यायचा. आधी विमा एजंट आला, मग मामाचे चुलतभाऊ. गावातले एक पुढारी निवडणुकीपर्यंत गॅसवर होते. पडल्यावर त्यांच्यापुढं धुरकट चहा आला, तेव्हा कुठं त्यांना निकाल खरा वाटला.

मी दहावीपर्यंत त्याच घरात वाढले. तुराट्या मोडून चुलीत सारायचं काम माझं. पुढं मला गंगाखेडला दिली आणि पहिल्यांदा माहेरपणाला आले, तर मामीनं लायटर हातात घेतला. मी म्हटलं, "मामी, मला चुलीवरचाच दे."

"गप बस. लेक दिल्या घरची. धूर पाजून वापस पाठवू का?"

तिनं मोठा मान दिला होता आणि मला तो मुळीच नको होता.

तेव्हापासून मी भाववाढीची वाट बघू लागले. टीव्हीवर बातमी आली की सासूबाई कपाळाला हात लावायच्या आणि मला वाटायचं, या खेपेला आपण चुलीवर येणार. दोनशे वाढले, आणखी वाढले. एजंटाला तर आता चहाच मिळेना. माझा गॅस मात्र काही सुटला नाही.

गेल्या वर्षी मामीला दम्यानं धरलं. धुराजवळ जायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "डॉक्टर टाकी भरून देनार हाय का?" ही म्हणाली. मी आठ दिवस राहायला गेले. पहिल्याच सकाळी तिच्यासाठी पाणी तापवायला गॅस पेटवला, तर खाटेवरून आवाज आला, "कुनासाठी पेटवलास?"

"तुझ्यासाठी."

"बंद कर. मी काय पाव्हनी हाय का?"

मी बंद केला. त्याचा राग मला अजून येतो, तिचाही आणि माझाही. महिनाभरात मामी गेली.

तेराव्याला घर भरलं होतं. सकाळपासून गॅसवर पातेलं चढलेलं, येईल त्याला चहा. सगळे पांगल्यावर मामीच्या सुनेनं माझ्यासाठी आधण ठेवलं आणि शेगडी फुरफुरून विझली. ती बिचारी ओशाळली.

"ताई, टाकी संपली बघा. तुमाला चुलीवरचा चालंल का?"

मी पाट ओढला आणि चुलीपुढं बसून तुराट्या मोडायला लागले.