हनुवटीखाली हात

आमच्या वस्तीच्या विहारात पावसाळ्याचे तीन महिने रोज संध्याकाळी ग्रंथ वाचतात. रोज एका घराची पाळी. त्या घरानं फुलं-मेणबत्त्या आणायच्या आणि घरातल्या एकानं दोन पानं मोठ्यानं वाचायची. आमच्या घरून आठ वर्षं सूनच वाचत आली. ती अंगणवाडीत शिकवते, वाचनही स्वच्छ. मी मागं भिंतीला टेकून ऐकायचो आणि आपल्या घरचं वाचन चांगलं होतं म्हणून मनात खूश व्हायचो.

गेल्या वर्षी पाळ्यांची यादी करायला गुरुजी बसले होते. गुरुजी म्हणजे वस्तीतले निवृत्त मास्तर, माझ्याच वयाचे. माझ्या घरापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "तुमच्याकडून सूनबाईच ना? तुम्हाला काय विचारायचं म्हणा." चार माणसं हसली. वाईट हसली नाहीत, पण हसली.

मी म्हणालो, "माझं नाव लिहा."

गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. मी नजर हलवली नाही. मग त्यांनी लिहिलं. पाळी विसाव्या दिवशी होती.

माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही निम्मी. सिल्लोडकडच्या गावातून बापाचा हात धरून शहरात आलो ते विटा उचलायलाच. पुढं गवंडी झालो, आणि चांगला झालो. पैठण रोडला चितेगावात जे कारखाने उभे आहेत, त्यातल्या कितीतरी भिंती माझ्या हातच्या. आजही जाऊन ओळंबा लावा, सुताएवढा फरक निघायचा नाही. अक्षरं मला सगळी येत होती. शब्द येत नव्हते. पहिली दोन अक्षरं बघायची आणि पुढचं अंदाजानं ठोकून द्यायचं, ही माझी रीत. बसची पाटी, लग्नपत्रिका, दुकानाचा बोर्ड, एवढ्यावर पन्नास वर्षं निभलं. लग्नपत्रिकेत काय लिहिलेलं असणार हे वाचण्याआधीच माहीत असतं.

घरी आल्यावर सुनेला म्हणालो, उद्यापासून जेवणाआधी तासभर बसायचं. तिनं विचारलं, कोणी? म्हणालो, तू अन् मी. ती हसली नाही, हे मी तिच्या बाजूनं कायम लक्षात ठेवीन.

पहिल्या दिवशी तिनं पेपर पुढं ठेवला. मथळ्यात 'महानगरपालिका' होतं, मी 'महाराष्ट्र' म्हणून मोकळा झालो. पुढं 'पाणीपुरवठा' होतं, मी 'पाणीटंचाई' म्हणालो. आमच्या शहरात हा अंदाज सहसा चुकत नाही, पण त्या दिवशी चुकला.

"मामा," ती म्हणाली, "तुम्ही शब्द वाचत नाय. तोंडावरून ओळख सांगता त्याची."

मग तिनं युक्ती सांगितली. पालथा हात हनुवटीखाली धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. जितक्यांदा हनुवटी हाताला लागेल, तितके शब्दाचे तुकडे. एक तुकडा पुरा झाल्याशिवाय पुढच्याकडं बघायचंच नाही. पुढचं झाकायला जुनी लग्नपत्रिका दिली. ही युक्ती ती अंगणवाडीतल्या पोरांना शिकवते हे कळल्यावर मला राग आला. म्हणालो, बालवाडीचं मला सांगू नको. ती बरं म्हणाली आणि भाकरी थापायला उठून गेली.

मी पेपर घेऊन बसून राहिलो. तव्याचा आवाज यायला लागल्यावर हळूच हात धरला. म-हा-न-गर-पा-लि-का. सात वेळा लागली. परत करून बघितलं, परत सातच. सातातला एकही तुकडा असा नव्हता की जो मला म्हणता येत नव्हता. अख्खा शब्द अंगावर येत होता तो हाच का, असं वाटलं. त्या दिवशी भाकरी दोन खाल्ल्या.

जोडाक्षरांनी लई छळलं. 'सत्य'मधला अर्धा त दिसायला पुढच्या अक्षराला चिकटलेला, पण म्हणताना मागच्यावर भार टाकतो. ते मी सुनेपेक्षा लवकर समजून घेतलं असं माझं मत आहे. विटांच्या थरात वरची वीट खालच्या दोन विटांवर बसवावी लागते, नाहीतर सांध्यावर सांधा येऊन भिंत फाटते. शब्दाचंही तेच. हे तिला सांगितलं तर म्हणाली, मामा, हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

मग मला नाद लागला. रस्त्यानं जाताना पाट्या तोडायचो. चहाच्या टपरीवर हनुवटीखाली हात धरून ओठ हलवत बसलो होतो, तर टपरीवाला म्हणाला, "काका, दाढ दुखती का? लवंग धरा." मी व्हय म्हणालो. मग काय, दोन दिवस त्याच्यासमोर लवंग चघळावी लागली.

इतकं असून माझा वेग मुंगीचा. बारा दिवस झाले तरी पानभर वाचायला घाम फुटायचा. तेव्हा मी एक गवंड्याचा हिशेब केला. रोज दोन पानं, आपल्याआधी इतकी घरं, म्हणजे आपल्या वाट्याला कोणती दोन पानं येणार ते आजच काढता येतं. पानं काढली. विहारातल्यासारखीच प्रत घरी होती. सुनेला म्हणालो, हीच पानं रोज वाचून दाखव, मला चाल समजू दे. ती वाचायची, मी ऐकायचो. सहाव्या दिवसापर्यंत दोन्ही पानं तोंडपाठ. पुस्तक पुढ्यात धरून मी तिला ती घडाघडा वाचून दाखवली.

पाळीच्या आदल्या संध्याकाळी विहारात गेलोच नाही. घरी बसून पाठांतर पक्कं करत होतो. आमच्या आधीच्या घरी सोयगावचे पाहुणे आले होते. मान म्हणून वाचायला त्यांना बसवलं. ते असे रंगले की दोनाच्या जागी सहा पानं वाचून गेले. हे मला कळलं ते दुसऱ्या दिवशी, पांढरा सदरा घालून, वंदना झाल्यावर, ग्रंथ पुढ्यात उघडला तेव्हा. खुणेची दोरी माझ्या पानांच्या पार पुढं होती.

मी पान मागं उलटवू शकलो असतो. समोर चाळीस माणसं होती आणि त्यातल्या निम्म्यांनी काल ते पान ऐकलेलं होतं.

पहिला शब्द मी अंदाजानं ठोकला आणि पुढच्या शब्दाशी त्याचा मेळ बसेना. बायकांत कोणी खोकलं. मग मी पत्रिका काढली, पुढचं झाकलं आणि सगळ्यांदेखत हात हनुवटीखाली नेला. त-द-नं-तर. मग पुढचा. पोरं फिदीफिदी हसायला लागली. गुरुजी अर्धवट उठले आणि हळू आवाजात म्हणाले, द्या, पुढं मी वाचतो.

"गुरुजी, निम्म्या भिंतीवर थापी दुसऱ्याच्या हातात देत नसतात. बसा."

ते बसले. पोरंही थोड्या वेळानं गप्प झाली, कारण एका गृहस्थाची गोष्ट सुरू झाली होती आणि पुढं काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. एकेक तुकडा म्हणत होतो आणि तो शब्द होऊन कानावर पडला की मगच मला कळत होतं. सून दोन पानं दहा मिनिटांत संपवते. मला पाऊण पानाला अर्धा तास लागला. तो गृहस्थ विचारतो की रागावलेल्या माणसाशी कसं बोलावं, तिथं माझा घसा बसला. थांबलो. गुरुजींनी येऊन दोरी त्या पानात घातली आणि प्रश्नाच्या ओळीपाशी पेन्सिलीची बारीक खूण केली.

घरी जाताना सून म्हणाली, "पाठ केलेली पानं वाया गेली, मामा."

"तुला कवा कळलं?"

"तुम्ही चष्मा न लावता वाचत होतात."

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी विहारात जाऊन पुढं बसलो. त्या गृहस्थाला काय उत्तर मिळालं असेल याचा विचार मी दिवसभर केला होता. इतक्या वर्षांत ग्रंथातल्या गोष्टीची मी अशी वाट कधी बघितली नव्हती. त्या दिवशीच्या घरची बाई वाचायला बसली. तिनं विचारलं, कुठून? गुरुजी म्हणाले, काकांनी सोडलं तिथून. ती वाचायला लागली. आधी गप्प बसून त्याचं ऐकून घ्यावं, असं काहीसं उत्तर निघालं. मी शेजारच्या गुरुजींना कोपरानं ढोसलं आणि म्हणालो, मी सकाळपासून हेच म्हणत होतो.

ते म्हणाले, "मग गप्प बसून ऐका की."