कापसाच्या खोलीतलं गाणं

टीव्हीचं तोंड भिंतीकडे फिरवून मास्तर जमलेल्यांना सांगायचा, "आधी आयका, मंग पाहा." स्वतः काढलेल्या फिल्मचा आधी नुसता आवाज ऐकवायचा. कोणी कुरकुरलं तर म्हणायचा, "गानं खोटं असन, त चित्र खरं कसं होईन?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांच्याशी एकदा सौदा करून पाहा, म्हणजे माझं दुःख कळेल.

तेव्हा आमचा जिल्हा आंध्रात होता. आदिलाबादच्या बसस्टँडजवळ माझं कॅसेट-सीडीचं दुकान; टेपरेकॉर्डर दुरुस्त करत करत उभं केलेलं. घासाघिशीत मला कोणी हरवलं नव्हतं. हा मास्तर तामसी गावचा, प्राथमिक शाळेत शिकवणारा. आई जन्मभर लोकांच्या शेतात कापूस वेचणारी. गाणी हाच रचायचा, चाल हाच लावायचा, साध्या कॅमेऱ्यावर दहा-दहा मिनिटांच्या फिल्मही हाच काढायचा.

आणि स्टुडिओ? शेजाऱ्याची कापसाची खोली. वेचणी झाली की घरात छतापर्यंत कापूस रचतात. त्यात आवाज घुमत नाही. कापूस विकला की स्टुडिओ गेला, थेट पुढच्या वेचणीपर्यंत.

त्या वर्षी त्याची फिल्म आईच्या आवाजातल्या एका गाण्यासाठी अडली होती. नेमकं तेच गाणं मला हवं होतं. जलद ठेका, नागपूरची गायिका, आणि सीडी माझी. महिनाभर त्याचं एकच, "गानं घ्या शेठ, पन आवाज मायचाच राहीन." शेवटी चिडून मी तामसीची बस धरली.

शेजाऱ्याच्या दारात कापूस न्यायला ट्रक उभा. हमाल बिड्या ओढत बसलेले. मला पाहताच त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, हे मास्तराला लपवताहेत. दारावर थाप मारून मी ओरडलो, "काऊन लपून राह्यले, मास्तर? मी सांगतो तोच भाव! नाई त बसा कापसात!"

आत मास्तरची म्हातारी आई गात होती. ती थांबली नाही.

गाणं संपल्यावर मास्तरनं दार उघडलं. केसांत कापूस, हातात पायमोजा चढवलेला माइक. हमाल लगेच आत घुसले. पुन्हा गायला खोलीच उरली नाही. वर्षभराची मेहनत मी एका ओरडण्यात घालवली होती. शिव्या खायच्या तयारीने मी उभा राहिलो. तो घाम पुसत म्हणाला, "मोडलं त मोडलं, शेठ. आयकून पाहू."

महिन्याभराने गावच्या विहारापुढे फिल्म लागली. टीव्ही भिंतीकडे, गाणं सुरू, आणि मधेच माझी गर्जना, "मी सांगतो तोच भाव!" साऱ्या माना माझ्याकडे वळल्या. मी भांडायला उठलोच होतो. पण म्हातारीचा सूर माझ्या आवाजावरून निघून गेला, एक्सप्रेस बस फाट्यावर न थांबता जाते तसा. टाळ्यांचा कडकडाट झाला. मग टीव्ही फिरवला. कापसाच्या ढिगाशी बसलेली बाई, मान वर न करणारी. माझा आवाज कापसाच्या व्यापाऱ्याचा झालेला; तो व्यापारी कुठेच दिसत नाही, नुसता ऐकू येतो. लोकांनी फिल्म तीनदा लावायला लावली.

पुढे नागपूरच्या एका स्पर्धेत पहिला नंबर आला. आदिलाबादला हॉल भरला. तेलुगू लोकही उभ्याने पाहायला आले. दारात मी त्याला धरलं. "मले न विचारता माहा आवाज घेतला! काहाडून टाका."

"मायले विचारा," तो म्हणाला.

म्हातारी नव्या शालीत घामाघूम झाली होती. "बाबू, तू याच्यापक्षा जोऱ्यानं वरडला असता, तरी मी थांबली नसती."

 पण विचारायला पाहिजे होतं, हे मी आजही म्हणतो.

त्याच वर्षी त्याची बदली मुधोळकडे झाली. नंतर भेट नाही. त्या दिवशी हॉलमधल्या बाया गाणं म्हणू लागल्या, तेव्हा तो दोन्ही हात उंचावून त्यांना सूर देत होता. बाया कुठल्या ऐकतात! त्यांनी त्याच्याहून वरची पट्टी धरली, आणि तो हसत, धापा टाकत त्यांना गाठायला निघाला.