मागच्या चाकाचा ब्रेक

लढाईच्या काळात मी जालन्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मिस्त्री होतो. काम इंजिनाचं, पण मालकांची मोटारसायकलही माझ्याकडंच होती, कारण ती चालवता येणारा फॅक्टरीत दुसरा कुणी नव्हता. छावणीतला एक साहेब विलायतेला जाताना ती विकून गेल्ता. तेव्हाच ती बरीच जुनी होती. शेठजींचे पणजोबा मारवाडातून आलेले. कापूस स्वतः शेतावर जाऊन पाहायचा, अशी त्या घराची रीत. मी गाडी चालवायचो आणि शेठजी मागं मिटलेली छत्री मांडीवर घेऊन बसायचे.

गाडीचा पुढचा ब्रेक नावापुरता होता. सगळी भिस्त मागच्यावर. मागच्या चाकाच्या मधोमध एक लोखंडी डबा असतो आणि त्याच्या आत चंद्रकोरीसारखे दोन तुकडे. पायानं दांडी दाबली की ते तुकडे फाकतात, त्यांच्यावर बसवलेल्या पट्ट्या डब्याला आतून घासतात आणि चाक थांबतं. आमच्या पट्ट्या झिजल्या होत्या. मला ते माहीत होतं. दर आठवड्याला मी ब्रेकचा नट थोडा पिळत गेलो. दिवाळीनंतर एक दिवस पिळायला आटेच उरले नाहीत. तरी मी शेठजींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर गाडी बंद पडली असती आणि मी दिवसभर इंजिनाच्या खोलीत.

पुढं एकदा आम्ही नदीपलीकडचा कापूस पाहायला निघालो. शहागडला गोदावरीचा उतार लागला. मी ब्रेक दाबला. मागून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला, बाकी काही झालं नाही.

"मिस्त्री, पुढं नदी हाय," शेठजी म्हणाले.

"दिसून राह्यलीय, शेठजी."

"मंग थांबवा."

"तेच करून राह्यलो."

आम्ही काठाला लागलेल्या नावेच्या बाजूनं सरळ पाण्यात शिरलो. पाणी कमरेएवढं आलं तेव्हा गाडी थांबली. ती पडली नाही, कारण चिखलानं तिला दोन्हीकडून धरलं होतं. शेठजी जागेवरच बसून होते. नावाडी काठावरून पाहत होता. "नाव आत्ताच निघणार होती," तो म्हणाला.

दोन बैल लावून गाडी बाहेर काढली. शेठजींनी धोतर पिळलं, भिजलेली छत्री झटकली आणि मला विचारलं, "ब्रेक गेला हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

मला वाटलं, नोकरी गेली. मग ते म्हणाले, "पुढच्या वेळी मलाबी सांगत जा. मी छत्री घरी ठेवीन." त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर मला इतकं लागलं नसतं.

जालन्याला आल्यावर मी चाक उघडलं. पट्ट्यांची नुसती धूळ उरली होती आणि त्या ज्यांनी ठोकलेल्या असतात त्या बिनटोकाच्या खिळ्यांनी, रिपिटांनी, डब्याला आतून चरे पाडले होते. मुंबईच्या दुकानाला पत्र टाकलं. उत्तर आलं की माल लढाई संपल्यावर मिळेल. लढाई कधी संपेल ते लिहिलं नव्हतं. मग मी चांभाराकडून जाड कातड्याच्या पट्ट्या कापून आणल्या. त्यांनी पहिला दिवस बरा काढला. दुसऱ्या दिवशी कातडं तापून करपलं, काचेसारखं गुळगुळीत झालं आणि गाडीला चपला जाळल्यासारखा वास येऊ लागला.

शेवटी इंजिनाचा जुना पट्टा आठवला. सुताचा, जाड विणीचा, वर्षानुवर्षं चाकावर घासून पक्का झालेला. तो कापला, पण बसवायला तांब्याचे रिपिट हवे होते. म्हणून डबा आणि आतले तुकडे घेऊन तांबटाकडं गेलो. म्हातारा माणूस; आयुष्यभर हंडे ठोकून कानानं ठार बहिरा झालेला. मी बोलायला लागलो तर त्यानं हातानं गप्प केलं, डबा मांडीवर घेतला आणि डोळे मिटून आतून बोटं फिरवली.

"रिपिटचं डोकं वर राह्यल्तं," तो म्हणाला. "ते पट्ट्याच्या आत बुडलं पाह्यजे. न्हाई तर परत ह्येच."

पट्ट्यात खोलगट भोकं पाडून त्यानं एकेक रिपिट आत बसवला. डब्याचे चरे मी वाळू-कागदानं घासून काढले. नवा पट्टा जाड निघाला, डबा वर बसेना. मग दोन दिवस तो कानशीनं थोडा थोडा उतरवला. चाक चढवलं, साखळी लावली. फॅक्टरीच्या आवारात गाडी बराबर थांबली. आवार सपाट आहे, हे मी शेठजींना आपण होऊन सांगितलं.

"मंग शहागडला चला," ते म्हणाले.

उताराच्या वरच ते उतरले. "मी पायी जातो. मी हात केला की या." ते सावकाश खाली गेले आणि अगदी पाण्याच्या काठावर, वाटेच्या मधोमध, माझ्याकडं तोंड करून उभे राहिले. मग हात केला.

इतका मी आयुष्यात फार वेळा घाबरलो नव्हतो. मध्यावर ब्रेक दाबला. चाकानं म्हशीसारखा आवाज काढला, गाडी थोडी घसरली आणि त्यांच्यापासून चार हातांवर थांबली. माझे पाय जमिनीला लागले तरी हात हँडलवरून सुटेनात. शेठजींनी वाकून चाकाकडं पाहिलं.

"आवाज करतो," ते म्हणाले. "करू द्या. लोक बाजूला होतील."

लढाई संपेपर्यंत तो पट्टा टिकला. त्या दिवसापासून मागं बसण्याआधी शेठजी एकच शब्द विचारायचे, "ब्रेक?" आणि मी म्हणायचो, "हाय." एकदा तीर्थपुरीला निघताना त्यांनी विचारलं आणि मी म्हणालो, "आज न्हाई." त्यांनी कारण विचारलं नाही. ते आत पेढीच्या गादीवर जाऊन बसले आणि मी चाक उघडायला घेतलं.