दुसरी चमक

नाटक कंपनीत तिला सगळे ठिणगी म्हणायचे. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी ठिणगीच. काम वीज पाडायचं. पूर्वी कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना भिडवून झटकन मागे ओढायच्या, की पांढराफटक लोळ उठायचा. त्या काळातले भाजल्याचे डाग तिच्या मनगटावर अजून होते. पुढे मोठा दिवा आला आणि त्याच्यासमोर पत्र्याच्या पट्ट्यांची झडप. दांडा ओढला की पट्ट्या उघडायच्या, सोडला की मिटायच्या. सिनेमावालेही तिला अधूनमधून बोलावून न्यायचे आणि खिडकीबाहेर शिडीवर चढवायचे. त्यांच्याकडे बटणाची यंत्रं होती, पण बटणावरची वीज दुकानाच्या पाटीसारखी एकाच ठेक्यात लुकलुकते. ठिणगीची वीज भसकन यायची, थरथरायची आणि गेली म्हणावं तोवर जाता जाता एकदा डोळा मिचकावून जायची.

या नाटकात हा शेवटचा डोळा तिनं मुद्दाम लांबवला होता. कारण होता तिचा सख्खा भाऊ. तो कंपनीचा मोठा नट, सगळ्यांचाच दादा. उंच तटावर तो शत्रूच्या छातीत सुरा खुपसतो, वीज पडते, अंधार होतो आणि त्या अंधारात त्याला अरुंद जिना उतरून खाली यायचं असतं. दादाला अंधारात काडीचं दिसत नव्हतं. रातांधळेपणा हळूहळू वाढत गेला होता, डॉक्टरांनी हात टेकले होते आणि हे बहीणभावाशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. ठिणगीची ती मंद, रेंगाळती दुसरी चमक पायऱ्यांवर पडायची, तेवढ्यात दादा पाय टाकून घ्यायचा.

आता नाटक नव्यानं उभं राहत होतं. नवा दिग्दर्शक माणूस वाईट नव्हता, पण त्याला ती चमक खुपली.

"ताई, दुसरी चमक काढा. खून झाला, अंधार झाला, विषय संपला. नंतर दादा जिना उतरताना दिसतात, मग भीती कसली राहिली?"

"वीज अशीच असते."

"असेल. मला आकाशातली नकोय, नाटकातली हवीय."

त्याचं म्हणणं तिला पटत होतं, हीच पंचाईत. खरं कारण सांगायची सोय नव्हती, म्हणून ती उगाच हटून बसली. दिग्दर्शकाचा आवाज चढला. तेवढ्यात खुर्चीत रेलून तोंडाला पावडर लावून घेणारे दादासाहेब बोलले, "अहो, तिला हौस फार. दांडा हाती लागला की सोडवत नाही. हावरट आहे उजेडाची. काढून टाका ती चमक. मी तर कधीचा म्हणतोय."

सगळे खो खो हसले. सुतार हसला, कपडेवाली हसली, चहा घेऊन आलेलाही हसला. ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

चहाच्या सुट्टीत तिनं त्याला रंगपटात गाठलं आणि दार लावून घेतलं.

"दादा, तुझी जीभ झडली कशी नाही?"

"हळू बोल जरा."

"का हळू? चमक काढली तर मान मोडेल तुझी!"

"जिना पाठ आहे मला."

"पाठ! परवा घरच्या मोरीच्या उंबऱ्याला अडखळून बादलीत पाय घातलास. जन्म गेला त्या घरात, तो उंबरा नव्हता पाठ?"

दादानं आरशात स्वतःकडे पाहिलं. "सांगितलं तर भूमिका जाईल, ठिणगे. मग काय करू? तुझ्या वायरी गुंडाळत बसू?"

"मी गुंडाळतेच ना? मेले का?"

त्यानं पावडरीचा डबा पुढं ओढला.

"तुझ्यासाठी मी दिग्दर्शकाची बोलणी खायची आणि तू वरून चारचौघांत मला हावरट ठरवायचं! माझी अब्रू खायची तर खा, पण निदान मचमच आवाज तरी करू नकोस!"

तालमीआधी ती सुताराला कोपऱ्यात घेऊन म्हणाली, "जिन्याच्या तोंडाशी उभे राहा. का, ते विचारू नका." मग दिव्यापाशी गेली. आज हुकमाप्रमाणे एकच चमक.

सुरा खाली आला. वीज कडाडली, शत्रू कोसळला, मिट्ट अंधार झाला. आता पावलं वाजायला हवी होती. वाजली नाहीत. तटावर बूट चाचपडल्याची नुसती खरखर झाली.

"ठिणगे," वरून दबका आवाज आला. "पाड ना."

तिचा हात दांड्यावरच होता. "मोठ्यानं म्हण."

"अगं, पाड!"

"मोठ्यानं."

बूट पुन्हा खरखरले. मग दादाचा तो शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज घुमला, "मला दिसत नाहीये!"

"वा!" अंधारात दिग्दर्शकानं टाळी वाजवली. "दादा, हे वाक्य पक्कं! ठेवायचंच!"

"पक्कं काय, डोंबल!" ठिणगी ओरडली. "त्याला खरंच दिसत नाहीये! अंधारात ठार आंधळा होतो तो. दिवे लावा आधी!"

दिवे लागले. दादा दोन्ही हातांनी तट धरून उभा होता. दिग्दर्शक धापा टाकत रंगमंचावर आला.

"ताई, तुम्हाला माहीत होतं?"

"दुसऱ्या चमकेवर उतरत होता तो. मला नाही माहीत होणार?"

"आणि मला वीज कशी असते ते शिकवत होतात! एखाद्या प्रयोगात तुमचा दिवाच गेला असता तर? कुणी उचलायचं होतं त्यांना?"

हेही त्याचं खरंच होतं. त्यामुळे ती आणखीच भडकली, आणि तो राग काढावा तर जागा एकच होती, दादा.

दिग्दर्शकानं कपाळ पुसलं. "भूमिका तुमचीच राहील, दादा. सुतार रोज जिन्यापाशी उभा राहील. पुन्हा अशी लपवाछपवी केलीत तर दोघंही घरी बसा. आता सांगा, चमक ठेवायची का?"

दादानं बहिणीकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "डोळे तुझे, तोंडही तुझंच."

"ठेवा," दादा बुटांकडे बघत पुटपुटला. मग थोडं बळ आल्यासारखा म्हणाला, "फक्त तिला डावीकडून पाडायला सांगा. समोरून हनुवटी दुहेरी दिसते माझी."

"हनुवटी घाल चुलीत! ज्यांच्यासमोर मला हावरट म्हणालास, ते सगळे इथंच उभे आहेत. त्यांना सांग आधी."

सुतार, कपडेवाली, सगळे जागच्या जागी थांबले. दादानं खांदे सरळ केले आणि मोठ्या संवादाआधी करायचा तसा घसा साफ केला.

"आवाज लावू नकोस," ठिणगी म्हणाली. "सरळ सांग."